जागा एकाच कवितेची

वखारभागातल्या आमच्या छापखान्यात
शीतल मगदूम दोन कागद ठेवून गेला.
वडिलांची पहिली पुण्यतिथी, चार पानी स्मरणिका.
फोटो, वंशावळ, आभार धरून
उरलेल्या पानात कविता एकच बसते.
म्हणाला, ताई, तुम्हीच वाचून ठरवा,
तुम्ही दिवसभर अक्षरांतच असता.

भूपाल जिनगोंडा मगदूम, हरिपूर.
चाळीस वर्षं हळदीच्या अडतीवर तोलारी.
कविता करत होते हे
वजनकाट्यालासुद्धा ठाऊक नसावं.

पहिली कविता वहीच्या पानावर, शाईची, वळणदार.
वय तेवीस.
'ये मृत्यो, ये, उघडे दार आहे,
तू कूळ माझे, मी सावकार आहे.'
अशा बावीस ओळी. मृत्यू अकरा वेळा.
जन्म कशाला, श्वास कुणाचे,
चितेवर कोण कुणाला ओळखतो,
सगळे प्रश्न छाती पुढे काढून उभे.
मला हसू आलं, खोटं का बोला.
ज्यानं कुणाला रुपया उसना दिला नसेल
तो थेट यमाला व्याज लावतो.

दुसरी तोलाईच्या पावतीमागे, पेन्सिलीनं.
कागदाला अजून वास. बोटं पिवळी झाली,
आणि मग की-बोर्डवरचा 'म'.
वय एकाहत्तर.

'पेवात उतरायच्या आधी कंदील सोडावा.
विझला तर थांबावं, चिडू नये.
तेवला तर आपण जावं, हळद वर द्यावी.
६१.४००'

बस.
मरण नाही, जीवन नाही, एक उद्गारचिन्ह नाही.
मी ठरवून टाकलं, हीच.
पहिलीत माणूस मरणाशी बोलतो आणि ऐकतो स्वतःलाच;
दुसरीत तो कुणाला तरी काम शिकवतोय.
असं काहीसं शीतलला सांगायचं म्हणून
वाक्य जुळवूनही ठेवलं होतं.

दुपारी त्याची आई आली, रिक्षातून, एकटीच.
चष्मा नव्हता. म्हणाली, वाचून दाखव.
मी पहिली वाचली, जरा उरकतच.
खालची तारीख वाचली, वैशाख, चौऱ्याहत्तर.
ती म्हणाली,
'त्याच सालात बाळगोंडा पेवात ऱ्हायला.
धाकटा दीर माझा. सतरा वर्षांचा.
झाकण काढलं आन् लगीच उतरला.
ह्यांनी वरनं दोर धरलावता.'

छापखान्यात मशीन चालू होतं,
ते कुणी बंद केलं नाही.

मग मी पहिली पुन्हा वाचली, मनात.
'उघडे दार' वाचलं
आणि मला जमिनीतलं गोल तोंड दिसलं,
एक माणूस जेमतेम मावेल एवढं.
सावकार म्हणजे काय, तेही कळलं.
त्याचं येणं होतं. खरंच येणं होतं.
आणि दुसरी,
जी मी शहाणपणाची म्हणून निवडली होती,
ती सत्तेचाळीस वर्षं उशिरा दिलेली हाक निघाली.
थांबावं, चिडू नये.
सतरा वर्षांच्या पोराला हे असंच सांगावं लागतं.

'आणि हा आकडा?' मी विचारलं.
'पोत्याचा असंल,' म्हणाली.
थोडं थांबून, 'न्हाईतर ह्यांचा.
दिवाळीला काट्यावर उभं ऱ्हायचे, गंमत म्हणून.'
आणखी थोडं थांबून काही म्हणणार होती,
पण पदरानं टेबलावरची हळद पुसत बसली.

शीतल फोनवर म्हणाला, आकडा काढून टाका की ओ,
हिशोबाचाच असणार.
मी बरं म्हटलं.

रात्री वंशावळ बारीक केली,
आभारातली चार नावं एका ओळीत कोंबली,
टाइप चौदाचा अकरा केला.
दोन्ही बसल्या. दाटीवाटीनं, पण बसल्या.
प्रूफ तपासलं.
अकराही ठिकाणी मृत्यू शुद्ध आहे.
आकडा मात्र कशाशी ताडून बघायचा ते कळेना.
पुढे पूर्णविराम दिला नाही.
पानाच्या तळाशी, जिथे पांढरं सुरू होतं,
तिथे तो तसाच
खाली सोडला.